आईच्या नावावरची शुगर

माझ्या आईला शुगर कधीच नव्हती. ती मी तिच्या नावावर लावली, खांदा कॉलनीतल्या एका मेडिकलच्या काउंटरपाशी, उभ्या उभ्या. पुढे कितीतरी वर्षं ती तिने मुकाट्याने भोगली. पश्चात्ताप झाला म्हणून मी हे लिहितोय असं कोणाला वाटलं तर वाटू द्या. पश्चात्ताप झालेला माणूस आधी आईला खरं सांगतो आणि मग लिहायला बसतो. मी अजून सांगितलेलं नाही.

तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत मी पगारपत्रकं करायचो. त्या काळी नोकरदारांना एक सवलत होती. पगारातले वर्षाला पंधरा हजार वैद्यकीय खर्चाचे म्हणून बाजूला काढलेले असायचे, आणि तेवढ्या औषधांची बिलं दाखवली की त्यांच्यावर कर लागायचा नाही. बिलं नसली तर मार्चच्या पगारातून कर कापला जायचा. त्यामुळे फेब्रुवारी उजाडला की अख्खी कंपनी आजारी पडायची. एरवी पोती उचलणारे धडधाकट गडी बिलांचे गठ्ठे घेऊन माझ्या टेबलासमोर रांग लावायचे.

ती बिलं तपासायचं काम माझं. बिलावर रुग्णाचं नाव हवं, डॉक्टरचं नाव हवं आणि माल औषधाचा हवा. शाम्पू, क्रीम, ताकदीची पावडर असलं काही दिसलं की मी लाल पेन फिरवायचो. लोडिंगवरच्या एकाने एकदा गरम पाण्याच्या पिशवीचं बिल आणलं. आईचे गुडघे पार गेलेत, असं त्याने सांगितलंही. मी म्हटलं, "पिशवी औषधात बसत नाही." तो म्हणाला, "साहेब, पण तिला त्यानंच बरं वाटतं." मी बिल परत त्याच्या हातात दिलं. नियम तसाच होता, आणि नियम दुसऱ्याला लावताना मला फार बरं वाटायचं.

आता माझ्या घरचं ऐका. आमच्या घरात औषध असं काही येतच नव्हतं. तिघंही ठणठणीत, आणि आई तर आमच्याहून ठणठणीत. मेडिकलमधून यायचं ते बायकोचं क्रीम, केस गळतीचं तेल, माझं पोट साफ होण्याचं चूर्ण, डोकेदुखीचा बाम आणि मुलीसाठी दुधात घालायची चॉकलेटी पावडर. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणारा सगळा माल. यातली एकही वस्तू मी स्वतःच्या लाल पेनातून सुटू दिली नसती. पण चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली होती. बिलावर काय लिहिलं म्हणजे चालतं, हे कंपनीत माझ्याएवढं कोणाला ठाऊक नव्हतं.

मेडिकलवाला माणूस दिलखुलास होता. बिलाच्या पुस्तकात मागच्या तारखांच्या जागा रिकाम्या ठेवायचा आणि तीन रंगांची पेनं जवळ बाळगायचा, म्हणजे सगळी बिलं एका बैठकीत लिहिल्यासारखी दिसू नयेत. आम्ही नवरा-बायको पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याने हॉटेलात ऑर्डर घेतात तसं विचारलं, "बोला साहेब, काय लावू? बीपी की शुगर?"

"शुगर लाव," मी म्हटलं. "दर महिन्याच्या गोळ्या दिसतील."

"नाव कोणाचं?"

मी माझं सांगणार होतो. पण कंपनीत उगाच चर्चा नको, बढतीचं चाललं होतं. बायको म्हणाली, "माझं नको हं. वास्तू तथास्तु म्हणते." मुलीचं नाव तर मनात आणणंही पाप. मेडिकलवाला पेनाचं टोपण काढून वाट बघत होता. मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मी आईचं नाव सांगितलं. तथास्तु म्हणणारी वास्तू आईच्या बाबतीत आम्हाला आठवली नाही. त्याने निळ्या पेनाने पहिलं बिल लिहिलं आणि पावडरचा डबा पिशवीत टाकला.

आई आमच्याकडे आली ती मुलगी झाली तेव्हा. वडील त्याआधीच गेले होते. गावी, आपट्याला, आमचं कौलारू घर, पाताळगंगा नदीपासून हाकेच्या अंतरावर, आणि लागूनच मावशीचं. मावशीही एकटी. दोघी बहिणी एकाच गावात दिलेल्या, जन्मभर एकमेकींच्या चुलीवरचं कालवण चाखून म्हाताऱ्या झालेल्या. कॉलनीतल्या तिसऱ्या मजल्यावर आईचा जीव कधी रमला नाही. खिडकीतून बघायची आणि म्हणायची, "हितं मानसं खालून जातात, पन कोनाची हाक येत नाय." मुलगी शाळेत रुळली की आपट्याला परत जायचं, हे तिचं पहिल्यापासून ठरलेलं होतं. मावशीबरोबर कोंबड्या पाळायच्या, मागच्या वाडीत वाल लावायचे, थंडीत त्याच्या शेंगांची मडक्यात पोपटी लावायची. दुसरं काही तिला नको होतं.

मुलगी तिसरीत गेली त्या वर्षी दिवाळीत आईने जाहीर केलं, "होली झाली का मी जानार. तुमची पोर आता शानी झाली."

आम्ही दोघं हिशेबाला बसलो. बायकोची नोकरी बेलापूरला, ती घरी यायची सातला. मुलगी शाळेतून यायची एकला. उलव्यात फ्लॅट बुक केला होता, त्याचे हप्ते चालू होते. पाळणाघराचे पैसे, जेवणाचे, वर कामवाली. आई हे सगळं फुकट करायची आणि वर आम्हालाच विचारायची, "जेवलंस का रं?" तिला अडवायचं कसं, यावर आमच्या बऱ्याच बैठका झाल्या. तिला कुठे राहायला आवडेल, हा विषय त्या बैठकांत आला नाही.

होळी झाली. आई गेली नाही. भरलेली पिशवी तिने स्वतःच रिकामी केली आणि लुगडी परत कपाटात ठेवली. विचारलं तर म्हणाली, "राहतंय अजून थोरे दिस." आम्ही देवापुढे पेढे ठेवले. ते तिने खाल्ले नाहीत. त्याच सुमाराला तिने चहातली साखर सोडली, मग भात सोडला, तांदळाची भाकरीसुद्धा. मला वाटलं, वय झालं, जीभ मेली असेल. बायकोला तर बरंच वाटलं, कारण तांदूळ महिनाभर पुरायला लागला.

खरा प्रकार कळला तो गणपतीत. आमचा गणपती दीड दिवसाचा, आपट्याच्या घरात बसतो. आईने एकवीस उकडीचे मोदक केले, सगळ्यांना तूप घालून वाढले आणि स्वतः नाचणीची भाकरी घेऊन बसली. जेवणं झाल्यावर मावशीने मला मागच्या पडवीत नेलं आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून रडायलाच लागली.

"तुमी तिला सांगलं नाय, पन तिला सगलं कललंय रं," ती म्हणाली. "कागद गावला तिला, घर झारताना. तिचं नाव वाचलंन पोरीनं, गोलीचं नाव वाचलंन. माजीच शुगरची गोली! तीच तर मना पनवेलवरून आनून देयाची. बोलते, पोरानं मना कलू दिलं नाय, गुपचूप औषद करतोय. आता हितं येऊन कशी राहू, तितं त्याचं औषद चालू हाय. आनि बोलली, कोनाला बोलू नको, त्याला दुख व्हईल."

मी पडवीत उभा होतो आणि मला एकेक गोष्ट दिसायला लागली. कॉटखाली उडालेलं बिल. दुकानांच्या पाट्यांपासून पंचांगापर्यंत दिसेल ते मोठ्याने वाचत सुटणारी माझी मुलगी. आणि आमच्याकडची जुनी रीत, की म्हाताऱ्या माणसाला मोठा आजार निघाला तर त्याला सांगायचं नाही, घरातल्यांनी आपसात बोलायचं, त्याच्यासमोर हसायचं. वडिलांच्या वेळी आम्ही तेच केलं होतं, आणि त्यात आई पुढे होती. आता आपली पाळी आली, एवढाच तिने त्या कागदाचा अर्थ लावला. खोटं बिल ही वस्तू तिच्या जगात नव्हतीच. नसलेल्या आजाराची गोळी कोणी कशाला लिहील?

मावशी डोळे पुसत माझ्याकडे बघत होती. एक वाक्य बोललो असतो तर सगळं तिथेच मिटलं असतं. आई खळखळून हसली असती, मला चार शिव्या घातल्या असत्या, उरलेले मोदक खाल्ले असते आणि आपट्यालाच राहिली असती. हे शेवटचंच नको होतं. एकला येणारी मुलगी आणि उलव्याचा हप्ता, दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर होते.

"मावशे, तू नको काल्जी करू," मी म्हणालो. "औषद चालू हाय तिचं."

कंपनीत, कॉलनीत मी असं बोलत नाही. पण गावात खोटं बोलायचं तर गावच्या बोलीत बोललेलं लवकर पटतं.

परत येताना आई मुलीला घेऊन आधीच एसटीने निघाली होती, आम्ही दोघं मोटारसायकलवर. कर्नाळ्याच्या वळणावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, म्हणजे आईंना वाटतं, ती पावडरच औषध आहे!"

खरंच होतं. चॉकलेटी पावडर मुलीला आवडेनाशी झाली होती. उघडलेला डबा फुकट कशाला घालवायचा, म्हणून बायको रोज सकाळी ती आईला कोमट दुधात घालून द्यायची. "घ्या आई, ताकद येते," म्हणायची. आईला ती चव मुळीच आवडत नसे. तरी तोंड वाकडं न करता, देवाचं तीर्थ घेताना धरतात तसा एक हात पेल्याखाली धरून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायची. गोड आहे, हे तिच्या लक्षात आलं असणारच. गोड लागणारं शुगरचं औषध! पण शंका काढणाऱ्यांतली ती नव्हती. आम्ही दोघं हसलो. गाडी बाजूला घ्यावी लागेल इतकं हसलो.

आधीचा डबा चुकून तिच्या वाट्याला आला होता. त्यानंतरचे सगळे आम्ही जाणूनबुजून आणले.

पुढची वर्षं छान गेली. आमची. मुलगी एकला घरी आली की गरम जेवण तयार असायचं. दर मार्चला मी बिलं घेऊन यायचो आणि रविवारी जमिनीवर पसरून तारखेप्रमाणे लावायचो. आई पंखा बंद करून बाजूला बसायची. कागदाला हात लावत नसे, पण गठ्ठ्याची जाडी बघायची. म्हणायची, "यंदा लय झालं नाय रं?" मी म्हणायचो, "कंपनीची कामं आहेत आये, तुला काय करायचंय?" यावर ती समजून हसायची. आपल्याला समजलंय हे तिला आम्हाला कळू द्यायचं नव्हतं, आणि तिला समजलंय हे आम्हाला कळलंय हे आम्हाला तिला कळू द्यायचं नव्हतं. एकदाही ती मला डॉक्टरकडे ने म्हणाली नाही. नेलं तर आम्हाला तिच्यासमोर बोलावं लागेल आणि आमचं गुपित फुटेल, म्हणून. लग्नकार्यात जिलेबीचं ताट पुढे आलं की हात आडवा धरायची. हापूसच्या दिवसांत आमच्यासाठी आंबे चिरायची आणि कोयीसुद्धा चोखायची नाही, नळाखाली हात धुवून टाकायची.

एकदाच मी त्या आजाराचा उघड वापर केला. मावशी आजारी पडली. ताप उतरत नव्हता. निरोप आला तसा आईने पिशवी भरली. "चार दिस जातंय, तिच्याजवल कोन नाय." मुलीची सहामाही सुरू होती आणि बायकोच्या ऑफिसात ऑडिट. मी म्हणालो, "आये, तिकडे तुला सकाळचं दूध कोण देईल? ते चुकवून चालायचं नाही."

आई माझ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी आजाराच्या जवळपास काही बोललो होतो. तिने ते गंभीर मानलं. पिशवीचे बंद सोडले आणि म्हणाली, "परीक्षा होऊ दे. मंग जाईन."

परीक्षेचे दोन पेपर उरले असताना मावशी गेली. आईला मी गाडी करून नेलं. मावशीजवळ ती रडली नाही, तिच्या पायांशी बसून पाय चेपत राहिली. बाराव्यानंतर परत आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दुधाचा पेला मागून घेतला. मला त्या वेळी वाईट वाटलं. पण ते त्याच आठवड्यापुरतं होतं.

मग सरकारने ती सवलतच काढून टाकली. बिलांचं लचांड गेलं, त्याऐवजी सगळ्या नोकरदारांना सरसकट वजावट मिळाली. टेबलासमोरची रांग एका वर्षात नाहीशी झाली आणि मीही मेडिकलवाल्याकडे गेलो नाही. कोणाला आजारी पाडायची गरज उरली नव्हती. पावडरचा डबा संपला तो संपलाच, बायकोने नवा आणला नाही. मुलगी आठवीत होती, तिच्याकडे किल्ली होती, आजी दुपारी टीव्हीचा आवाज मोठा करते अशी तिची तक्रार होती. मी बिलांचा जुना गठ्ठा रद्दीत दिला.

मार्च निम्मा गेला तरी जमिनीवर कागद पसरले नाहीत. आई दर रविवारी पंखा बंद करायची आणि थोड्या वेळाने चालू करायची. शेवटी एप्रिलातल्या एका रविवारी माझ्यासमोर येऊन बसली.

"माजं औषद बंद केलंस?"

मी पेपर बाजूला ठेवला. "कसलं औषध?"

"नको लपवू आता. मना पयल्यापासून ठावं हाय." तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "कागद आनला नाय, पावडर आनली नाय. तुज्या बापाचं बी असंच केलेलं आपन, शेवटी. डाक्टर बोलला, आता औषदाचा उपेग नाय, काय पायजे ते खाऊ दे. तसंच बोलला ना?"

तिच्या नजरेत तक्रार नव्हती. उलट मला अवघड जाऊ नये म्हणून ती हळू आवाजात बोलत होती.

"मना आपट्याला सोड," ती म्हणाली. "हितं नको. पोरीची परीक्षा हाय, घरात मयत नको तिच्या डोल्यासमोर."

आता खरं सांगायला काहीच आड येत नव्हतं. मुलगी मोठी झाली होती. पण सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं, मावशीच्या मरणापर्यंतचं. आणि खरं म्हणजे तिची खोली मुलीला अभ्यासाला हवी होती. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिने मला मानेने हो म्हण अशी खूण केली.

"बरं, आये," मी म्हणालो.

आपट्याला पोचलो तेव्हा उन्हं उतरत होती. कुलूप काढलं, झाडलोट केली. शेजारणीने रायवळ आंबे आणून दिले. आईने चुलीवर चहा ठेवला, डब्यातला गूळ चिमटीने न घेता मूठभर टाकला आणि उंबऱ्यावर बसून फुर्र फुर्र करत प्यायली. मग एक आंबा घेतला, दोन्ही हातांनी चोळून मऊ केला आणि चोखला. रस कोपरापर्यंत आला, तिने तोही चाटला. एवढी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. दुसरा आंबा संपवून तिने विचारलं, "किती दिस बोललाय डाक्टर?"

"तसं काही बोलला नाही."

"लपव, लपव," ती हसून म्हणाली. "बापाच्या येलेला मी बी असीच बोलत व्हती."

त्याला बरेच दिवस झाले. गूळ, भात आणि आंबे खाऊन आई अंगाने भरली आहे. मागच्या वाडीत तिने वाल लावले, कोंबड्या पाळल्या, थंडीत पोरं जमवून पोपटी लावली. तिचा गाल बघून कोणी म्हणणार नाही की ही बाई मरायला आली आहे. पण तिचं ठरलेलं आहे. नवं लुगडं घेत नाही. वालाची शेंग हाती लागेल का नाही, असं म्हणत बी पेरते. आणि मी महिन्यातून एकदा गेलो की दारातच ओशाळल्यासारखी हसते आणि पहिलं वाक्य तेच म्हणते, "अजून हाय रं मी."

मागच्या खेपेला तिने शेंगांची पिशवी भरून दिली आणि गाडीपर्यंत आली. काचेवर हात ठेवून उभी राहिली.

"लय दिस घेतले नाय रं मी?" ती म्हणाली. "तुला उगा फेऱ्या माराया लागतात."

मी म्हणालो, "असू दे, आये," आणि गाडी चालू केली.